सरहद्दीवरील नाकेदार आणि आमची प्रवासवर्णने

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत निमगाव केतकीस मुक्काम असता दीड-दोन डझन मराठी प्रवासवर्णने एकापाठोपाठ एक वाचण्याचा योग आला. त्यांत काही जुनी होती, काही अगदी अलीकडची. काही नामांकितांची, तर काही हौसेने स्वखर्चाने छापलेली. एकाच जातीची पुस्तके इतक्या संख्येने वाचली म्हणजे सुट्या पुस्तकात जे डोळ्यांस दिसत नाही ते दिसू लागते. डोंगर, देवळे, बाजार, भोजने आणि सहप्रवाशांचे चमत्कारिक स्वभाव ह्यांस ह्या पुस्तकांत हवी तितकी जागा मिळालेली आहे. परंतु एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात खुष्कीच्या वाटेने पाऊल टाकताना जो मनुष्य प्रथम भेटतो, जो कागद मागतो, पेटी उघडावयास लावतो, आणि पुष्कळदा शब्दाने नव्हे तर नुसत्या भुवईने आपला पाणउतारा करतो, त्याच्या वाट्यास फार तर अर्धे पान आलेले दिसते. ते अर्धे पान कसे लिहिले जाते, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु लेखकाची परीक्षा हिमशिखरांच्या वर्णनापेक्षा ह्या अर्ध्या पानावर अधिक होते, असे माझे मत झाले आहे.

हे पान आपल्या देशात किती जुने आहे ते पाहण्यासाठी इब्न बतूताकडे जावे लागते. हा मोरोक्कोचा प्रवासी १३३३ साली सिंधू ओलांडून हिंदुस्थानात आला. मुलतानजवळ नदी उतरताना तेथील अंमलदार प्रत्येकाचे सामान कसून तपासीत असत. व्यापाऱ्यांच्या मालाचा चौथा हिस्सा कर म्हणून घेतला जाई आणि घोड्यामागे सात दिनार पडत. आपले सामान उघडले जाणार ह्या कल्पनेने बतूता अस्वस्थ झाला. त्याचे कारण त्याने पुढे प्रवासकथा सांगताना निःसंकोचपणे दिले आहे: सामानात फारसे काही नव्हते, पण लोकांच्या दृष्टीस ते मोठे वाटत होते, आणि ते कोणी उघडून पाहावे हे त्यास रुचत नव्हते. इतक्यात एक वरिष्ठ सरदार तेथे आला, ह्या पाहुण्याची झडती घेऊ नये असा त्याने हुकूम दिला, आणि बतूताने परमेश्वराचे आभार मानले.

सहाशे नव्वद वर्षांपूर्वीचा हा उतारा मी अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी त्यातील प्रांजळपणाचे कौतुक वाटले आहे. झडतीचा खरा डंख कोठे असतो हे त्याने नेमके सांगितले. पैसे जातात हे दुःख निराळे. पण आपली गाठोडी परक्यासमोर सुटतात, आणि आपण मिरवीत होतो तितके आपल्यापाशी नाही हे चारचौघांत उघडे पडते, हे दुःख निराळे. सुलतान मुहंमद तुघलकाच्या दरबारी नशीब काढावयास निघालेल्या आणि त्यासाठी नजराण्याची जमवाजमव करणाऱ्या मनुष्यास ते अधिकच बोचले असले पाहिजे. मात्र त्याच उताऱ्यातील एक उणीव बऱ्याच उशिरा माझ्या ध्यानात आली. बतूता सुटला, त्याच्या मागे नदीकाठी उभे असलेले लोक सुटले नाहीत. कराचा दर त्याने टिपला आहे, परंतु स्वतःची सुटका झाल्याबरोबर झडतीचा विषय संपला. जो अपमान आपल्यावरून टळला तो जगातूनच टळला, असे मानून लेखक पुढच्या गावास निघाला.

आमच्या प्रवासवर्णनांतील नाक्याचे पान बहुतेक ह्याच वळणाने जाते. लेखक सुशिक्षित असतो, त्याचे कागद चोख असतात, आणि अंमलदाराने ‘तुमच्यासारख्या मनुष्यास’ असे वागवावयास नको होते, ही त्याची तक्रार असते. ‘माझ्यासारख्या’ ह्या शब्दावर मी वाचताना पेन्सिलीची खूण करू लागलो, आणि सुटी संपेपर्यंत खुणांची संख्या पुष्कळच झाली. ‘मी प्राध्यापक आहे असे सांगताच त्याचा नूर पालटला’ हे वाक्य तर निरनिराळ्या शब्दांत तीन पुस्तकांत सापडले. तीनही लेखकांनी ते समाधानाने लिहिले आहे. नूर पालटला हीच गोष्ट त्या अंमलदाराविरुद्ध सर्वांत मोठा पुरावा आहे, हे एकाच्याही मनात आलेले दिसत नाही. सगळ्यांशी सारखाच तुसडा वागणारा मनुष्य स्वभावाने तुसडा म्हणून सोडून देता येईल. परंतु ज्याच्यापाशी सौजन्य शिल्लक आहे आणि जो ते माणूस पाहून खर्च करतो, त्याचे काय?

येथे भाषेचा एक मुद्दा येतो, आणि समीक्षकाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. मराठीत समोरच्यास संबोधण्याच्या तीन पायऱ्या आहेत: तू, तुम्ही आणि आपण. हिंदीतही तशाच तीन आहेत. इंग्रजीत आज व्यवहारात एकच सर्वनाम उरले आहे. असे असता परदेशच्या नाक्यावर इंग्रजीत बोलणारा अंमलदार आमच्या पुस्तकांत आला की तो बहुधा ‘कुठे चाललास?’ असेच विचारतो. हा ‘तू’ कोणाचा? अंमलदाराचा खास नव्हे; तो अनुवाद करणाऱ्या लेखकाचा. तेच मूळ वाक्य ‘आपण कोठे निघालात?’ असेही लिहिता आले असते. अर्थात् लेखक खोटे बोलतो असे मला म्हणावयाचे नाही. अंमलदाराने मान वर केली नसेल, बोटाने खूण केली असेल, पासपोर्ट हातात न देता फळीवर टाकला असेल. आणि ह्या सगळ्याचा सारांश लेखकास ‘तू’ ह्या एका अक्षरात सापडला असेल. परंतु मग तो सारांश वाचकाच्या माथी मारून मूळचा प्रसंग का गाळावा? टाकलेला पासपोर्ट दाखवा. ‘तू’ आमचे आम्ही वाचून घेऊ. प्रवासवर्णनातील पुष्कळसा उद्धटपणा अशा रीतीने भाषांतरात तयार होतो आणि पुष्कळसा खरा उद्धटपणा भाषांतरात हरवतो, ह्याचे भान आमच्या लेखकांस अजून आलेले नाही.

‘तू’ हा शब्द स्वतः निरपराध आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. विठ्ठलास आपण ‘तू’च म्हणतो. निमगाव केतकी हे संत तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेवरील गाव. आषाढ तोंडावर आला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंस माणसांचा पूर लोटतो, आणि बंदोबस्ताचा पोलीस शिपाई गर्दी हटविताना ‘माउली, जरा बाजूला व्हा’ असे म्हणताना मी दरवर्षी ऐकतो. त्याच्या हातात काठी असते, हुकूमही तो हुकूमच असतो. परंतु एका संबोधनाने त्याचा सगळा रंग बदलतो. पुढे इंदापूर सोडून पालखी सराटीस पोहोचते. तेथे नीरेत पादुकांना स्नान घडते आणि नदीपलीकडे सोलापूर जिल्हा लागतो. एका जिल्ह्याचे अधिकारी हद्दीपर्यंत पोहोचवावयास येतात, दुसऱ्याचे सामोरे येतात. ही जिल्ह्याची हद्द. राष्ट्राची सरहद्द नव्हे, हे मला समजते. पण हद्द ओलांडणे हा प्रसंग मुळातच अपमानाचा असतो, असे जे प्रवासी लिहितात त्यांनी एकदा सराटीस यावे.

हद्दीवरच्या जाचाचा आपला इतिहास मात्र लहान नाही. गेल्या शतकाच्या आदल्या शतकात इंग्रज सरकारने मिठावरील कर बुडू नये म्हणून देशाच्या आतच एक जकातीची रेषा आखली होती. १८६९ च्या सुमारास ती सिंधूपासून मध्य प्रांत ओलांडून मद्रास इलाख्याच्या दिशेने महानदीपर्यंत सुमारे तेवीसशे मैल पसरली होती, आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसे पहाऱ्यास होती. बऱ्याच लांबीत काटेरी झाडांचे जिवंत कुंपणच वाढविलेले होते. दक्षिणेतून उत्तरेस जाणाऱ्या पुष्कळ वाटा ह्या रेषेस छेदीत. १८७९ साली ती उठली, आणि नंतर लोक तिला इतके विसरले की रॉय मॉक्सहॅम ह्या इंग्रज लेखकास जुन्या पुस्तकांच्या दुकानात घेतलेल्या स्लीमनच्या ग्रंथात तिचा उल्लेख आढळला, आणि तेवढ्या धाग्यावरून शोध करीत त्याने २००१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. एवढ्या लांबीच्या कुंपणापाशी किती माणसांची चिमूटभर मिठासाठी झडती झाली असेल! ज्यांची झाली ते लिहिणारे नव्हते, आणि जे लिहिणारे होते त्यांची झडती फारशी झाली नसावी, असा माझा तर्क आहे.

आपल्या अधिक जवळची उदाहरणे थोडक्यात सांगतो. सोलापुराकडून निजामाच्या राज्यात शिरले की करोडगिरीचा नाका लागे. मराठवाड्यातील जुन्या घरांत हा शब्द अजून वापरात आहे, आणि तो उच्चारताना म्हातारी माणसे तोंड कडू करतात. गोव्याची गोष्ट निराळी आणि अधिक गुंतागुंतीची. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने दोन्ही मुलुखांची जकात एकत्र झाली. १८९२ साली तह संपताच सरहद्दीवरची ठाणी पुन्हा उभी राहिली. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा ही ज्यांची कुलदैवते, अशा कित्येक मराठी कुटुंबांस कुलाचाराकरिता ह्या ठाण्यांवरून जावे लागे. पेटीतला नवा खण आणि नारळदेखील कोणी परका उलटासुलटा करून पाहणार, हे गृहीत धरूनच बांधाबांध होई. १९५४ नंतर परवान्यांचा काच वाढला, आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीस निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्यावर सरहद्द जवळजवळ बंदच झाली. ती १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत. पत्रादेवीचे हुतात्मे आपल्या वाङ्मयात आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. परंतु त्याआधीच्या साठ वर्षांत त्या ठाण्यावर रोज जी लहान लहान मानहानी होत होती, तिचे वाङ्मय अगदी तुटपुंजे आहे.

ह्याचे एक कारण लाज. अपमान झाला हे सांगताना तो पुन्हा एकदा होतो. आणि लाजेवर आपल्याकडे रूढ झालेला उपाय म्हणजे विनोद. पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० साली प्रवासवर्णनास जी हसरी वाट दाखविली, तिचे ऋण कोणी नाकारू नये. त्या विनोदाचे मर्म असे की, हसणारा प्रथम स्वतःस हसतो. अनुकरण करणाऱ्यांनी नेमके तेवढेच सोडून दिले. आता नाक्याच्या पानावर अंमलदाराच्या मिशा येतात, त्याचे पोट येते, त्याचे मोडके इंग्रजी येते. आणि आम्ही वाचक खो खो हसून पान उलटतो. तो मनुष्य दिवसाचे आठ-दहा तास एकाच खिडकीत बसून हजारो तोंडे पाहतो, त्याच्या वरचा अधिकारी त्याच्याशी ह्याहून वाईट बोलत असेल, तुटपुंज्या पगारात त्याच्या हाती असलेली एकच चैन म्हणजे समोरच्यास पाच मिनिटे तिष्ठत ठेवणे, हे कोणी लिहीत नाही. मी त्याचे समर्थन करीत नाही. पण मिशांचे वर्णन करून त्याला उडवून लावणारा लेखक त्यालाही पाहत नाही आणि स्वतःलाही नाही.

तक्रारीचे पान कसे लिहावे ह्याचा एक चांगला नमुना युरोपातून देता येईल. स्टेफान त्स्वाइग हा ऑस्ट्रियाचा जगप्रसिद्ध लेखक. त्याच्या आठवणींचे पुस्तक १९४२ मध्ये, त्याने ब्राझीलमध्ये आत्महत्या केल्यानंतर, प्रसिद्ध झाले. १९१४ पूर्वी आपण पासपोर्टाशिवाय हिंदुस्थान व अमेरिका पाहून आलो, असे तो त्यात सांगतो. आजच्या तरुणांस ते खरे वाटत नाही हेही सांगतो. पुढे १९३८ साली हिटलरने त्याचा देश गिळला आणि ज्याच्यासाठी सगळ्या सरहद्दी मोकळ्या होत्या तो मनुष्य एका रात्रीत कोणत्याही देशाचा न राहिलेला, दुसऱ्याच्या मेहेरबानीच्या कागदावर फिरणारा परका झाला. नाक्यांवरच्या चौकश्या, बोटांचे ठसे, दाखले ह्यांविषयी तो कळवळून लिहितो. ह्या पानांचे सामर्थ्य त्याच्या दुःखात आहेच. परंतु त्याहून ते ह्या कबुलीत आहे की, पूर्वी देशांतराला निघालेल्या एका रशियन गृहस्थाचे बोलणे आपण ऐकले होते आणि त्याचा अर्थ आपणास तेव्हा कळला नव्हता. रांगेतला मनुष्य कोण असतो हे त्याला रांगेत उभे राहिल्यावर कळले, आणि उशिरा कळले हे त्याने लपविले नाही.

आपल्याकडे ह्या प्रांजळपणाची परंपरा नाही असे मात्र नव्हे. वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ साली बराच फेरफार करून छापला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केला. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेलेला हा भिक्षुक १८५८ च्या एप्रिलमध्ये झाशीत सापडला. तेथील झडती सरहद्दीवरची नव्हती, विजयी सैन्याची होती. तुलना मी फक्त लिहिण्याच्या रीतीपुरती करतो. आपल्यापाशी काय होते, ते कोणी नेले, शेजारच्या घरांतून काय गेले, हे भटजी हिशेब मांडावा तसे सांगतात. ‘माझ्यासारख्या वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणास’ असा सूर धरण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. पण शहर लुटले जात होते आणि आपण त्या शहरातले एक होतो, एवढे भान त्यांनी सोडले नाही. इंग्रजी विद्येचा वाराही न लागलेल्या ह्या ग्रंथकाराचे ते भान आम्हा पदवीधरांच्या पुस्तकांत कमी आढळते, ह्याचा विचार करावा तितका थोडा.

‘आम्हा पदवीधरांच्या’ असे मी लिहिले ते शिष्टाचारासाठी नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील यात्रेकरूंच्या एका बसबरोबर मी उत्तरेकडील एका सरहद्दीपलीकडे गेलो होतो. ठाण्याचे नाव सांगण्यात स्वारस्य नाही. माझे कागद पाहून, आणि मी दोन वाक्ये इंग्रजीत बोललो ती ऐकून, तेथील अंमलदाराने मला ‘सर’ म्हणून पुढे सोडले. मी पलीकडे जाऊन चहा घेतला. बसमधील एक वृद्ध जोडपे मात्र अडकले होते. ही पानमळ्यातली माणसे. बाईंच्या गाठोड्यात मिश्रीची डबी निघाली. त्या काळ्या भुकटीचा वास घेऊन अंमलदाराने ती भलतीच काही वस्तू ठरविली. सगळे गाठोडे फळीवर ओतले गेले: लुगडी, भाकरीचा चुरा, देवाला न्यावयाचे तांदूळ. म्हातारे गृहस्थ मराठीत समजावीत होते, तो हिंदीत ‘तू चुप रह’ म्हणत होता. येथे भाषांतराचा प्रश्नच नव्हता. मी हे सगळे काचेतून पाहिले. चहाचा पेला खाली ठेवून परत जावे असे मनात आले, आणि परत गेल्यास माझेच कागद पुन्हा तपासतील असेही मनात आले. पाऊण तासाने ती दोघे सुटून आली.

परतल्यावर मी त्या प्रवासावर लेख लिहिला. त्यात हिमशिखरे होती, देवळाचा इतिहास होता, आणि नाक्यावरच्या अंमलदाराच्या इंग्रजीवर सहा ओळींचा एक विनोद होता. तो वाचकांस आवडल्याची पत्रेही आली. डबीचा उल्लेख नव्हता. पुढे एकदा बाजाराच्या दिवशी त्या आजी रस्त्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “सर, तुमी लिवल्यालं नातवानं वाचून दावलं. डोंगराचं लई झ्याक लिवलंय. पर नाक्यावरचं तसं नव्हतं झालं.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी काही उत्तर दिले असेन. ते आता आठवत नाही, म्हणजे ते आठवण्याजोगे नसावे.

तेव्हापासून दुसऱ्यांची पुस्तके परीक्षणासाठी आली की मी प्रथम नाक्याचे पान उघडतो. लेखकाच्या मागे रांगेत कोण होते हे त्यात आले आहे काय, एवढे पाहतो, आणि मग डोंगरांकडे वळतो. कित्येक चांगल्या शैलीकारांविषयीचे माझे मत त्यामुळे पालटले, आणि एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या सव्वाशे पानांच्या ओबडधोबड पुस्तकाविषयी आदर वाटू लागला. त्यांनी दोन पाने केवळ एका अडवून ठेवलेल्या ट्रक-चालकाबरोबर काढलेल्या रात्रीवर खर्च केली आहेत. व्याकरण चुकले आहे, पण मनुष्य चुकलेला नाही.

माझा तो लेख आता इतर लेखांबरोबर पुस्तकरूपाने निघावयाचा आहे. प्रकाशकांनी मुद्रिते पाठविली आहेत, आणि सहा ओळींच्या जागी दोन-अडीच पाने घालण्यास त्यांची हरकत नाही. एक तपशील तेवढा अडला आहे. डबी पत्र्याची होती अशी माझी आठवण; गाठोडे पाहणाऱ्या दुसऱ्या एका सहप्रवाशांच्या मते ती पितळेची होती, आजींच्या माहेरची, आणि ती परत मिळालीच नाही. येत्या रविवारी मळ्यावर जाऊन आजींनाच विचारून घेणार आहे.